तारेतलं सुख

स्पीकरची महागडी वायर स्वस्त वायरीपेक्षा चांगली वाजते का, हा वाद ज्यांच्या कानावर कधी आलेलाच नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. ॲम्प्लिफायरमधून स्पीकरपर्यंत वीज नेणारी एक दोनपदरी तार असते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत लोक तिथे टेबललॅम्पला असते तसलीच वायर लावत आणि तिच्याबद्दल कुणाचं काही विशेष मत नसे. मग नोएल ली या अमेरिकी अभियंत्यानं जाड तांब्याची, खास स्पीकरसाठी म्हणून वायर विकायला काढली. त्याच्या कंपनीचं नाव मॉन्स्टर केबल. तिथून एक नवा बाजार उभा राहिला. आज त्या बाजाराच्या एका टोकाला लॅमिंग्टन रोडवर मीटरवर मोजून मिळणारी वायर आहे आणि दुसऱ्या टोकाला मोटारगाडीच्या किमतीची.

२००७ साली जेम्स रँडी या जादूगारानं या बाजाराला आव्हान दिलं. अतींद्रिय शक्तीचा दावा चाचणीत सिद्ध करून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याची त्याच्या संस्थेची जुनीच घोषणा होती. पेअर कंपनीच्या ‘आंजू’ या वायरीच्या बारा फुटी जोडीची किंमत ७,२५० डॉलर होती. ही वायर आणि मॉन्स्टरची साधी वायर यांतला फरक, कोणती जोडली आहे हे न कळता, फक्त कानांनी ओळखून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असं रँडी म्हणाला. ‘स्टिरिओफाइल’चा समीक्षक मायकेल फ्रेमर तयार झाला. पण पेअरनं वायर द्यायचं नाकारलं, अटींवरून बाचाबाची झाली आणि चाचणी झालीच नाही. दोष कुणाचा, याबद्दल दोन बाजूंची दोन मतं राहिली.

चाचणी झाली असती तर काय झालं असतं, यापेक्षा मला वेगळाच प्रश्न पडतो. समजा झाली असती आणि वायरीचा पाडाव झाला असता. तर ती वायर घरी लावून रोज रात्री तृप्त होणाऱ्या माणसाचं नेमकं काय गेलं असतं? त्याला जे सुख मिळत होतं ते त्या दिवसापासून खोटं ठरलं असतं का? की ते आधीपासूनच खोटं होतं? आणि मुळात सुख खोटं असू शकतं का?

* * *

तिकडे जाण्याआधी तारेचा हिशेब उरकून घेऊ, कारण तो फार लांबलचक नाही. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर घेतली आणि ॲम्प्लिफायर स्पीकरपासून पाच मीटरवर असला, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं होतं. त्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम. समोर आठ ओहमचा स्पीकर. या तारेत जो आवाज ‘हरवतो’ तो एक दशांश डेसिबलपेक्षाही कमी असतो. काही स्पीकरांचा रोध विशिष्ट स्वरांना तीन ओहमपर्यंत उतरतो. तिथेही नुकसान पाव डेसिबलच्या आतच राहतं. शांत खोलीत, एकामागोमाग एक ऐकवलेल्या आवाजांत, सरावलेल्या कानाला जेमतेम एवढाच फरक कळू शकतो.

चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनीच अधिक सुवाहक आहे. तेवढं काम तांबं किंचित जाड घेतलं तरी होतं. उच्च कंप्रतेची वीज तारेच्या पृष्ठभागालगत वाहते, असं विक्रेते सांगतात. ते खरंच आहे. पण माणसाला ऐकू येणाऱ्या वरच्या टोकाला, म्हणजे २०,००० हर्ट्झलाही, तांब्यात ती जवळपास अर्धा मिलिमीटर खोल शिरते. तेव्हा नेहमीच्या जाडीच्या तारेत याचा परिणाम नगण्य. शिवाय ही महागडी तार जिथे संपते तिथे काय असतं? स्पीकरच्या पोटात साध्या तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. आठ ओहमच्या स्पीकरमधल्या त्या वेटोळ्याचा रोधच सहा ओहमच्या आसपास असतो. ज्या स्टुडिओत गाणं मुद्रित झालं तिथेही मायक्रोफोनपासून यंत्रापर्यंत साधी, मजबूत, रोज पायाखाली येणारी केबल असते. म्हणजे गाणं कित्येक मीटर साध्या तांब्यातून प्रवास करून येतं, मध्ये तीन-चार मीटर राजमार्गावरून चालतं आणि पुन्हा साध्या तांब्यात शिरतं.

याचा अर्थ वायरीनं कधीच फरक पडत नाही, असा मात्र नाही. दारावरच्या घंटीला लावतात तसली ०.२ चौरस मिलिमीटरची वायर पंधरा मीटर ओढली, तर रोध अडीच ओहमच्या वर जातो आणि आवाजाचा तोल ऐकू येण्याइतका बिघडतो. म्हणून पुरेशी जाड वायर घ्यावी, टोकं नीट घट्ट बसवावीत. ‘पुरेशी’ हा मुक्काम फार लवकर येतो, इतकंच. आणि तिथवर पोचायला एका बऱ्यापैकी हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढे पैसे लागतात.

* * *

एवढं सांगून झालं की विज्ञानाची बाजू घेणारे बहुतेक लोक थांबतात आणि समोरच्याला मूर्ख ठरवून घरी जातात. मला अडचण तिथेच सुरू होते, असं वाटतं. कारण समोरचा माणूस खोटं बोलत नसतो.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाले, मुलं बाहेरगावी, घरात गाण्याचा चांगला संग्रह. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून एक वायर घेतली. किंमत सांगत नाहीत, म्हणजे अंदाज येतो. ती लावल्यावर मला म्हणाले, “अरे, तंबोरा आधी मागे कुठेतरी भिंतीत होता. आता खोलीत येऊन बसल्यासारखा वाटतो.” हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना काही विकायचं नव्हतं. मला खात्री आहे की त्यांना तंबोरा खरोखरच खोलीत आल्यासारखा वाटत होता.

असं का वाटतं, याचीही बरीच माहिती आता आहे. २००८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी लोकांना वाइन पाजून त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. एकच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून दिली आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना जास्त आवडलीच, पण सुखाच्या अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही वाढली. म्हणजे लोक शिष्टाचार म्हणून ‘छान आहे’ म्हणत नव्हते. किंमत चवीत उतरली होती. काकांच्या तारेची किंमतही तशीच तंबोऱ्यात उतरली असणार. त्यात भर म्हणजे नवी वायर लावून खुर्चीत परत बसताना डोकं वीतभर इकडेतिकडे झालं तरी काही स्वर चांगलेच बदलतात, आवाजाच्या बारीक पोताची आठवण काही सेकंदच टिकते, आणि नवी वस्तू आणलेला माणूस कधी नव्हे इतक्या एकाग्रतेनं ऐकतो. लक्ष देऊन ऐकलं की तंबोरा पुढे येतोच. तो तिथे आधीही होता.

आपल्याकडे वेदान्त्यांनी दोरीवरच्या सापाचा दृष्टान्त शतकानुशतकं वापरला आहे. अंधारात पडलेली दोरी साप वाटते. साप खोटा, पण सुटलेला घाम खरा. दिवा आणला की साप जातो. काकांच्या बाबतीत दृष्टान्त उलटा झाला आहे. दोरी पाहून घाम सुटला असता तर दिवा आणणारा उपकारकर्ता ठरला असता. पण दोरी पाहून सुख झालं असेल तर दिवा आणणारा कोण ठरतो?

* * *

प्लेटोच्या ‘फिलेबस’ या संवादात नेमका हाच वाद आहे. प्रोटार्कस हा तरुण म्हणतो, की मत खोटं असू शकतं, पण सुख कसं खोटं असेल? ज्याला सुख होतंय त्याला ते होतंयच. सॉक्रेटिसला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं असं, की अनेक सुखं ही कशाबद्दल तरी असतात, त्यांच्या पोटात एक मत असतं. आणि ते मत खोटं असेल तर ते सुखही खोटेपणातून सुटत नाही.

मला वाटतं इथे सॉक्रेटिस जिंकतो, आणि वायरीच्या उदाहरणानं ते फार स्वच्छ दिसतं. काकांचं सुख ‘मला आज छान वाटतंय’ एवढंच असतं तर प्रश्नच नव्हता. त्यांचं सुख आहे ‘ही वायर तंबोरा जसा आहे तसा माझ्यापर्यंत आणते आहे’ याचं. ते सुख जगाकडे बोट दाखवतं. त्यांना कुणी सांगितलं, की काका, वायरीनं काही होत नाही, पण तुम्हाला आनंद होतोय ना, मग झालं. तर ते खूश होणार नाहीत, दुखावतील. त्यांना आनंद नको होता, त्यांना तंबोरा हवा होता.

या बाजूच्या लोकांचा सगळ्यात चांगला युक्तिवाद त्यांना स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यानं आयता देऊन ठेवला आहे. अभिरुचीच्या निकषावरच्या १७५७ सालच्या निबंधात त्यानं ‘डॉन किहोते’मधला सांचो पांझाचा किस्सा वापरला. सांचोच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली मदिरा चाखायला बोलावलं. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित लोखंडाची. लोक दोघांना हसले. पुढे पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली. आम्ही ते नातेवाईक आहोत, असं महागड्या वायरीचे चाहते म्हणू शकतात. तुमच्या मोजमापाच्या यंत्रांना अजून किल्ली सापडलेली नाही, एवढंच.

मुद्दा चांगला आहे, पण ह्यूमच्या गोष्टीतला जोर किल्लीत आहे. पिंप रिकामं करून पाहायला त्या दोघांची हरकत नव्हती. पिंपाच्या तळाशी जाण्याचा मार्ग वायरीच्या बाबतीत अगदी साधा आहे. पडदा लावायचा, वायरी बदलायच्या, कोणती जोडली ते सांगायचं नाही आणि पुरेशा वेळा विचारायचं. यंत्राची गरज नाही, सिद्धान्ताची गरज नाही, कानच न्यायाधीश. तरीही नेमकी तीच गोष्ट टाळली जाते. ताण येतो, घाईत ऐकून कळत नाही, महिनाभर सोबत राहिल्याशिवाय वायर उलगडत नाही, अशी कारणं दिली जातात. मग महिनाभर पडद्याआड ठेवा. त्यालाही कुणाची ना नाही.

पडद्याचा एवढा राग का यावा? मला वाटतं, लोकांना ती आपल्या सचोटीची परीक्षा वाटते. ती तशी नसते. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांची निवड पडद्याआडून करायला सुरुवात केली, ती परीक्षकांचे कान वाईट होते म्हणून नव्हे. कान चांगले होते. डोळे मध्ये येत होते. समोर बाई आहे की पुरुष, कुणाचा शिष्य आहे, हे दिसत होतं आणि ऐकण्यात मिसळत होतं. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ व्हायोलिनवादकांना मंद उजेडात, काळे चष्मे घालून जुनी आणि नवी व्हायोलिन्स वाजवायला दिली. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला. त्यात कुणा वादकाची अब्रू गेली नाही. पडदा कानाचा अपमान करत नाही; कानाला निदान एकदा, किंमत आणि नाव यांची लुडबुड न होता बोलू देतो.

पडद्याची गरज संशयवाद्यालाही तेवढीच आहे, हेही सांगायला हवं. ‘फरक नसणारच’ असं ठरवून बसलेल्याला खरा फरकही ऐकू येत नाही. अपेक्षा दोन्ही दिशांनी काम करते. न ऐकता हसणारा माणूस अनेकदा बरोबर ठरतो, पण ते ऐकून नव्हे.

* * *

तर, सुख खोटं असू शकतं. पण खोट्या सुखानं बिघडतं काय? म्हातारा माणूस, स्वतःचे पैसे, घरातली खोली. कुणाचं काय जातं?

एक उत्तर असं दिलं जातं, की अशा भ्रमाशिवाय सुखच मिळत नसेल तर भ्रम राहू द्यावा. पण भ्रम आवश्यक असतो हेही गृहीत धरायला नको. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या संशोधकांच्या प्रयोगात आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या ८० रुग्णांपैकी काहींना सरळ सांगितलं, की या गोळ्यांत औषध नाही. पण अशा गोळ्यांनीही शरीर प्रतिसाद देतं असं दिसलेलं आहे, तेव्हा नेमानं घ्या. तीन आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. गोळ्या न दिलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. विधी उपयोगी पडला, खोटं न बोलता. संध्याकाळी दिवे मंद करणं, फोन बाजूला ठेवणं, तबकडी पुसणं, दिसायला सुंदर अशी वायर हौसेनं लावणं, यांतलं सुख कुणी काढून घेत नाही. ‘ही मला आवडते’ या वाक्याला पडद्याची भीती नाही. भीती आहे ती ‘हिच्यामुळे तंबोरा स्पष्ट झाला’ या वाक्याला. आणि विकलं जातं ते दुसरं वाक्य.

दुसरं नुकसान विकत घेणाऱ्याच्या कानाचं आहे. वय वाढतं तसं आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. आणि अशा वायरी परवडायला लागतात ते वयही तेच. वरचे स्वर ‘मोकळे’ करणारी तार बहुधा ज्यांना ते स्वर फारसे ऐकू येत नाहीत अशांना विकली जाते. हे क्रूर वाटेल, पण याहून वाईट पुढे आहे. वायरीवर विश्वास बसलेला माणूस आवाज मनासारखा नसला की पुढची वायर शोधतो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.४ मीटर अंतर असलं तर ५० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज त्या खोलीत घुमतो. स्पीकर दोन फूट सरकवला, पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला लावलं, जाड पडदा टाकला, तर सहज ऐकू येणारा फरक पडतो. तो ऐकायला पडदा-चाचणी लागत नाही, आणि त्याला पैसे लागत नाहीत. पण फुकट फरकावर कान ठेवायची सवयच मोडलेली असते. कानानं किमतीकडे बघून बोलायला शिकलेलं असतं.

आणि तिसरं नुकसान ज्यानं वायर घेतलेली नाही त्याचं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. लहानशा खोलीत साध्या स्पीकरवर गाणं ऐकणाऱ्या मुलीला हा बाजार सांगत असतो, की तू ऐकतेस ते खरं गाणं नव्हेच. त्याच्यावर एक बुरखा आहे आणि तो दूर करायला इतके हजार लागतील. महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्या गाणं ऐकायला शिकल्या त्या आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर, जिथे साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही. आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या खरखरत्या तबकड्यांवर. त्यांना श्रुती कळल्या, मींड कळली, सुरावर थांबणं म्हणजे काय ते कळलं. चांगली ध्वनियंत्रणा ही चैन म्हणून, सोय म्हणून, सुख म्हणून हवीच. मीही तिच्या मोहातून सुटलेलो नाही. पण ती ऐकण्याची पात्रता नव्हे. पैशाला कानाची जागा देणारं कोणतंही खोटं हे फक्त विकत घेणाऱ्याला फसवत नाही, ते न घेऊ शकणाऱ्याला स्वतःच्या कानाबद्दल शंका घ्यायला लावतं. ही शंका एकदा बसली की सहजी निघत नाही.

* * *

तारेची किंमत नगण्य आणि फरक प्रचंड, असंही एक उदाहरण आपल्याच घरात आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की मिटलेली तार एकदम झणकारते; जवारी लागते. दोऱ्याची किंमत शून्य. पण फरक असा, की शेजारच्या खोलीत भाजी चिरणारं माणूस मान वर करतं. आणि त्यामागचं शास्त्र समजून घेतलं, तार वक्र घोडीला कशी घासते आणि त्यातून वरचे स्वर कसे जागे होतात ते कळलं, तरी सुख कमी होत नाही. उलट पुढच्या वेळी कान अधिक नेमकं काही शोधतो. माझ्या दृष्टीनं कसोटी ही आहे. काही सुखं जाणून घेतल्यानं वाढतात आणि काहींना आपण फार जवळ जाऊ नये असं वाटत असतं. दुसऱ्या प्रकारच्या सुखांना नैतिकदृष्ट्या वाईट म्हणण्याची गरज नाही. पण त्यांच्यासाठी निवृत्तीचे पैसे मोडायला सांगणाऱ्याला म्हणावं लागेल.

मग काकांना सांगावं का? माझं मत असं, की विकत घेण्याआधी विचारलं तर स्पष्ट सांगणं हे कर्तव्य आहे, समोरच्याला राग आला तरी. घेऊन झाल्यावर आपण होऊन सांगण्यात बहुतेकदा त्यांचं हित नसतं, आपली हुशारी असते. पण त्यांनी पुढची वायर घ्यायचा विषय काढला, किंवा त्यांचं ऐकून त्यांचा नुकताच नोकरीला लागलेला भाचा दोन पगार घालायला निघाला, तर गप्प राहणं चालणार नाही. तेव्हाही आकडे तोंडावर फेकायचे नाहीत. एका रविवारी सकाळी जायचं, साध्या वायरीचं भेंडोळं सोबत न्यायचं, खिडकीवरची चादर स्पीकरमागच्या जोडण्यांसमोर बांधायची आणि म्हणायचं, काका, तुमचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत, मी बदलत जातो, तुम्ही सांगा. निकाल काहीही लागो, सकाळभर तंबोरा तर ऐकून होईल.